जुन्या पत्त्यावरचा फाल्गुन

मी एक जुनी वेबसाइट आहे, मित्रांनो, आणि मला एका जागी स्वस्थ बसता येत नाही. माणसांत सात वर्षांचं मूल दुसरीत असतं. आमच्यात सात वर्षं म्हणजे म्हातारपण. पण म्हाताऱ्या माणसाला दुपारी डुलकी तरी लागते. मला तीही नाही. कुणी ना कुणी सारखं दारात येतं, दोन ओळी वाचतं आणि काही न बोलता निघून जातं. त्याला मी सांगितलेलं उपयोगी पडलं की नाही, हे मला कळत नाही. त्याची मला काळजी लागून राहते.

माझा जन्म २००३ साली बावधनला झाला. जुईली नावाच्या मुलीला संगणकाच्या कंपनीत नुकतीच नोकरी लागली होती. तिने मला सुट्टीच्या दिवशी बसून तयार केलं. तिचे आईवडील मुळशीला राहत. वडील दयानंदराव मूळचे हिंगोलीकडचे. एका रिसॉर्टच्या हिशेबखात्यात नोकरी करायला म्हणून ते इकडे आले आणि इकडचेच झाले. नोकरी सुटल्यावर त्यांनी आणि आशालताबाईंनी ताम्हिणीच्या रस्त्यावर एक लहान खानावळ काढली. तांदळाची भाकरी, मासे, वरणभात. बस, एवढंच.

शनिवार-रविवारी पुण्याची माणसं घाटात फिरायला जात. निघण्याआधी खानावळीत फोन करून विचारत, "घाट सुरू आहे का? धुकं आहे का?" आशालताबाईंचे हात पिठाचे असत. त्या कोपराने फोन उचलत. एकदा जुईली म्हणाली, "आई, तू रोज सकाळी एकदाच लिहून ठेव. ज्याला जायचं असेल तो वाचेल."

"आणि भाकऱ्या कोण थापेल? तुझी वेबसाइट?" असं म्हणून आशालताबाई हसल्या. पण दुसऱ्या दिवसापासून त्या लिहायला लागल्या.

तेव्हा मराठी अक्षरं सगळ्या संगणकांवर नीट दिसत नसत. कुणाकडे माझ्या जागी नुसते चौकोन दिसत. म्हणून सुरुवातीला जुईली आईचं लिहिणं चित्र करून माझ्यावर लावायची. पुढे सोय सुधारली आणि आशालताबाई खानावळीतल्या संगणकावर स्वतःच टाइप करू लागल्या. टेलिफोनच्या तारेवरून त्यांचे शब्द माझ्यापर्यंत यायला वेळ लागे. तोवर मी अस्वस्थ असे.

त्यांची काम करायची एक रीत होती. घाटातून जो येईल त्याला त्या आधी चहा देत आणि मग विचारत. एसटीचा ड्रायव्हर, दुधाचे कॅन नेणारे, धरणावर मासे धरणारा दामू. दोन माणसांनी वेगवेगळं येऊन एकच गोष्ट सांगितली, तरच त्या लिहीत.

दामू म्हणायचा, "वैनी, चहा पाजून जबानी घेताय व्हय?"

"मग काय करू, दामूभाऊ? मासे किती घावले ते तुम्ही कधी खरं सांगत नाही. पाण्याचं तरी खरं सांगा."

"पान्याचं खोटं सांगून जाऊ कुटं? त्यात रोज उतरायचं हाय मला."

मग माझ्यावर दोन-तीन ओळी उमटत. 'आज दुसऱ्या वळणावर पाणी आहे. मोटारसायकल आणू नका.' किंवा 'आज धुकं दाट आहे. दिवे लावून सावकाश या.' प्रत्येक निरोप 'आज' या शब्दाने सुरू होई. तारीख घालायची त्यांना सवय नव्हती. रोज जुना निरोप जाई आणि त्या जागी नवा येई, त्यामुळे तिची गरजही पडली नाही.

दयानंदराव मला कधी उघडत नसत. कुणी विचारलं तर म्हणत, "मी कशाला वाचू? लिहिणारी घरातच आहे."

मित्रांनो, वेबसाइटला राहायला जागा लागते. चोवीस तास चालू असणारा एक मोठा संगणक असतो, त्याला सर्व्हर म्हणतात. आमची वस्ती त्यावर. माझी पहिली जागा कोथरूडच्या विलासकडे होती. तो अशा जागा भाड्याने देई. माझी जागा सामायिक होती, म्हणजे एकाच सर्व्हरवर आम्ही पुष्कळ जण राहत होतो. एक दातांचा दवाखाना, एक वधू-वर सूचक केंद्र, एक फटाक्यांचं दुकान, एक गाण्याचा क्लास. एका नळावर सगळ्यांचं पाणी. एकाने बादली जास्त वेळ लावली की बाकीचे खोळंबत. लहान साइटला एवढं पुरतं, आणि झाडलोटही विलासच करी. माझा पत्ताही स्वतंत्र नव्हता. आधी विलासच्या धंद्याचं नाव, मग माझं. तोच पत्ता खानावळीच्या कार्डांवर छापलेला होता आणि पुष्कळांनी आपापल्या संगणकांत जपून ठेवला होता.

त्या गर्दीत मी सुखी होते. गोंगाट होता, पण शेजार होता.

२००९ च्या फाल्गुनात एका सकाळी आशालताबाईंनी लिहिलं, 'आज घाट मोकळा आहे. ऊन स्वच्छ आहे. डोंगरात काटेसावर फुलली आहे, गाडी बाजूला घेऊन बघा. घाई करू नका.' दुपारी त्यांच्या छातीत दुखू लागलं. पौडच्या दवाखान्यात पोचण्याआधीच त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवा निरोप आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. लोक येत होते आणि मी त्यांना काटेसावरच दाखवत होते. तिची फुलं गळून गेली, बोंडं फुटून कापूस उडाला, तरी माझ्याकडे ती फुललेलीच होती.

मग एक माणूस रोज येऊ लागला. सकाळी येई, पुष्कळ वेळ थांबे, काही शोधत नसे. त्याच त्या चार ओळी वाचून जाई. ते दयानंदराव होते.

पावसाळ्याच्या तोंडावर जुईलीने काम हातात घेतलं. ती बावधनहून दामूला फोन करी, दुसऱ्या कुणाकडून खात्री करून घेई आणि दोन ओळी लिही. आईच्या ओळी काढताना तिचा हात थांबला होता, ते मला कळलं. पण तिने त्या जपून ठेवल्या आणि नवं लिहिलं. दयानंदराव त्या दिवशी आले आणि लगेच निघून गेले.

त्या वर्षी गर्दी फार वाढली. घरोघरी इंटरनेट आलं होतं. शनिवारी सकाळी सगळं पुणे एकदम माझ्याकडे धावे. सर्व्हरला धाप लागे. दवाखान्याचं पान उघडेना, गाण्याच्या क्लासचं पान अर्ध्यावर अडके. मला शेजाऱ्यांची लाज वाटे, पण दारात आलेल्याला परत कसं पाठवू? शेवटी एका शनिवारी विलासने मला बंदच केलं. माझ्या दारावर पाटी लागली, 'ही साइट तात्पुरती बंद आहे.' बाहेर माणसं येऊन थडकत होती. घाटात पाणी होतं, आणि मला ते सांगता येत नव्हतं.

सोमवारी विलास स्वतः खानावळीत आला. जुईलीही आली होती.

"काका, माझा नाइलाज झाला," विलास म्हणाला. "वधू-वर केंद्राच्या बाई फोनवर इतक्या ओरडल्या! म्हणे, तुमच्या त्या घाटापायी माझी लग्नं अडलीत."

"मग काय करायचं?" दयानंदरावांनी विचारलं.

"व्हीपीएस घ्या. म्हणजे सर्व्हर तोच मोठा, पण त्यात तुमची खोली वेगळी. नळ तुमचा, मीटर तुमचा. शेजारी कितीही धिंगाणा घालू दे, तुमचं पाणी तुटणार नाही, आणि तुमच्यामुळे दुसऱ्याचंही नाही. स्वतःचं नावही घेऊन टाकू. भाडं जास्त पडेल. आणि एक सांगतो, तिथं झाडू तुमच्याच हातात. कुलूप-किल्ली, साफसफाई, सगळ्याची एक नक्कल बाजूला काढून ठेवणं, हे मी बघणार नाही."

"ते मी बघेन," जुईली म्हणाली. "बाबा, आपण जाऊ या."

दयानंदराव म्हणाले, "वर्षाच्या आत घर हलवत नाहीत."

जुईलीला आधी कळलंच नाही. "बाबा, हे घर नाहीये."

"तुझी आई सहा वर्षं रोज सकाळी तिथं जात होती. घर नाही तर काय आहे? घरात माणूस गेलं की वर्षश्राद्ध होईपर्यंत नव्या जागेत पाऊल टाकत नाहीत. फाल्गुन होऊ दे. मग कुठं न्यायचं तिथं न्या."

"फाल्गुनात घाटात पाणी नसतं, बाबा. लोकांना आत्ता हवंय."

कुणीच मागे सरेना. तेव्हा गंगूबाई आतून आली. ती दामूची बायको. आशालताबाई गेल्यावर भाकऱ्यांचं काम तिच्याकडे आलं होतं. ती म्हणाली, "भाऊ, आमच्यात रानातलं घर पडाय झालं तर मान्सं हलत्यात की. पर जुन्या जागी दिवा लावत्यात, वरीस सरंपातूर. तुमी नवी खोली घ्या, अन् जुनीत वैनीचा दिवा ऱ्हाऊ द्या."

दयानंदरावांना ते पटलं. त्यांनी विलासला विचारलं, "जुन्या पत्त्यावर तिचं शेवटचं पान ठेवशील? तेवढंच. दुसरं काही नको."

"एका पानाचं काय ओझं, काका? ठेवतो."

जुईली म्हणाली, "बाबा, मग त्याच्यावर एक ओळ टाकू. 'आमचा नवा पत्ता हा.' नाहीतर जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला कसं कळणार?"

"तिच्या लिहिण्यावर कुणी काही टाकायचं नाही," दयानंदराव म्हणाले, आणि उठून मोरीवर हात धुवायला गेले. हात स्वच्छच होते.

जुईलीने बापाचा चेहरा बघितला आणि त्या ओळीचा हट्ट सोडला.

अशी मी नव्या जागेत आले. तिथं ऐसपैस होतं. शनिवारची गर्दी आली तरी मला दम लागेना. पण फार शांत होतं. गाण्याच्या क्लासचा आवाज नाही, दवाखान्याची वर्दळ नाही. बाहेरून अनोळखी हात मात्र रोज कडी हलवून बघत. दाराला कुलूप आहे का, खिडकी उघडी राहिली का, हे बघणारे लोक या जगातही असतात. सामायिक जागेत विलास त्यांना हाकलत असे. इथं जुईली दर रविवारी येऊन कड्या तपासी, जुनं झालेलं बदलून टाकी, माझी नक्कल काढून ठेवी. ती एखादा रविवार चुकली की माझा जीव वरखाली होई.

त्याहून मोठी तगमग दुसरीच होती. मी आता दोन ठिकाणी होते. नव्या जागी श्रावण होता, दरडीचा, धुक्याचा. जुन्या जागी फाल्गुन होता. नव्या जागी मी म्हणे, 'आज जपून या.' जुन्या जागी मीच म्हणे, 'आज घाट मोकळा आहे.' दोन्हीकडे माणसं येत होती. जुन्या दारात येणाऱ्याला मला ओरडून सांगावंसं वाटे, बाबा रे, हे आजचं नाही. पण आम्हाला आमचा आवाज नसतो. जे लिहून दिलं असेल तेच आम्ही बोलतो. दयानंदराव रोज त्या जुन्या जागी येत, वाचत आणि जात. नव्या जागी ते एकदाही आले नाहीत.

श्रावणातल्या एका रविवारी दुपारी दामू खानावळीत शिरला. त्याच्या खांद्याला धरून एक बाई आत आली आणि तिच्यामागे एक माणूस, कडेवर पाच-सहा वर्षांची मुलगी. सगळे चिखलाने भरलेले. मुलीचा हात ओढणीने गळ्यात बांधला होता.

"घाटात दरड आलीया," दामू म्हणाला. "धुक्यात ह्यांना दिसली न्हाई. गाडी चरात गेली. पोरीचा हात मोडलाय. जीप बघतो, पौडला न्यायला लागंल."

त्या माणसाचं नाव प्रमोद. तो महाळुंग्याला नवीन राहायला आला होता. जीप येईपर्यंत तो एका खुर्चीवर बसला. मग त्याची नजर गल्ल्यापाशी ठेवलेल्या कार्डांवर छापलेल्या माझ्या पत्त्यावर गेली. त्याने खिशातून एक ओला कागद काढला आणि दयानंदरावांपुढे धरला. घरून निघताना त्याने मला छापून घेतलं होतं.

"हे तुमचंच ना?"

दयानंदरावांना वाचायची गरज नव्हती. तरी त्यांनी वाचलं. 'आज घाट मोकळा आहे. ऊन स्वच्छ आहे.'

"आमचंच," ते म्हणाले.

"कधीचं आहे?"

"फाल्गुनातलं."

"मग 'आज' का लिहिलंय?" प्रमोदचा आवाज चढला. "घरी पाऊस होता. बायको म्हणाली, नको जायला. मी म्हटलं, तिथल्या माणसांनी लिहिलंय, त्यांना माहीत असणार. तुमच्या भरवशावर निघालो हो आम्ही."

दयानंदराव म्हणाले, "लिहिणारी गेली माझी. तिचं शेवटचं आहे ते."

प्रमोदने तो कागद त्यांच्या हातात दिला. त्याची बायको मुलीला थोपटत होती. ती हळूच म्हणाली, "काका, वाईट वाटलं ऐकून. पण आम्हाला कसं कळणार ते?"

तेवढ्यात जीप आली आणि ते गेले. मुलीचा हात पुढे बरा झाला, ते दामूकडून नंतर कळलं. पण त्या दुपारी ते कुणालाच माहीत नव्हतं. दयानंदराव तो ओला कागद हातात धरून उभे होते. गंगूबाई परात धुता धुता म्हणाली, "भाऊ, दिवा ठिवा म्हनले ती मीच. पर दिवा कुनाला चरात घालत न्हाई. वैनी असत्या, तर ह्ये पान त्यांनीच पयलं फाडलं असतं."

त्यांनी विलासला फोन लावला.

"जुनं पान बंद कर."

"काका, वर्ष व्हायचंय ना अजून? मी वर एक ओळ टाकतो, पान राहू दे."

"ओळ टाक. नवा पत्ता टाक. पण पान काढ. ती खोटं लिहीत नव्हती."

"बघा, काका. सकाळी पुन्हा वाटेल, ठेवलं असतं तर बरं झालं असतं."

"वाटेल," दयानंदराव म्हणाले. "म्हणूनच आत्ता काढ."

त्या संध्याकाळी जुन्या जागेतून मी निघाले. तिथं आता एकच ओळ आहे आणि ती येणाऱ्याला इकडे पाठवते. आशालताबाईंच्या त्या चार ओळी जुईलीने माझ्याकडे आणल्या आणि जुन्या निरोपांच्या पानावर ठेवल्या, वर तारीख घालून. आता त्या कुणाला फसवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दयानंदरावांनी छत्री घेतली, दामूच्या मोटारसायकलवर मागे बसले आणि दरडीपर्यंत जाऊन आले. मग ते पहिल्यांदा माझ्या नव्या जागी आले. एका बोटाने टाइप करत होते. पुष्कळ वेळ लागला. त्यांनी लिहिलं, 'दरड आहे. मी बघून आलो. आज कुणी येऊ नका. दयानंद.' ऱ्हस्वदीर्घाच्या चुका होत्या, त्या जुईलीने नंतर नीट केल्या. त्या दिवशी पुष्कळ माणसं माझ्या दारातून परत घरी गेली. मला त्यांचे चेहरे दिसले नाहीत, पण ती परत गेली एवढं मला कळलं.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल आणि माझ्यासारखी एखादी वेबसाइट काढाल. तेव्हा तुम्ही विचाराल, सामायिक जागा बरी की स्वतंत्र? मी दोन्हीकडे राहिले आहे. येणारी माणसं थोडी असतील, तर सामायिक जागेत खुशाल राहा. आपल्यामुळे शेजाऱ्याचं अडायला लागलं, तर वेगळी खोली घ्या, पण तिची झाडलोट कोण करणार हे आधी ठरवा. आणि माणसं आपल्या भरवशावर घराबाहेर पडत असतील, तर कुठल्याही जागेत राहा, रोज दार उघडा. आवडत्या माणसाचं लिहिलेलं जपा. पण ते माझ्या दारात टांगून निघून जाऊ नका. मी ते सांगत राहते, आणि मला थांबता येत नाही.

हे सांगतेय तेव्हा २०१० चा पावसाळा चालू आहे. शनिवारची सकाळ आहे. घाटातल्या पाण्याची खबर अजून माझ्यापर्यंत आलेली नाही, आणि बाहेर गर्दी जमायला लागली आहे. बावधनची माणसं आहेत, महाळुंग्याची आहेत, लांबचीही आहेत. गाड्या सुरू करून बसली असतील. थोडं थांबा रे. दयानंदराव आत्ताच आले आहेत. चष्मा पुसून ते टाइप करायला बसलेत. अजून 'आज' एवढंच झालं आहे.